नाव हरवलेल्या घटपर्णी: ओळख पटवण्याच्या नोंदी

४ मार्च

हरितगृहातल्या घटपर्णींच्या, म्हणजे घटासारख्या पानांत किडे पकडणाऱ्या झाडांच्या, जुन्या संग्रहाची झाडाझडती सुरू केली. कुंड्यांतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हाने ठिसूळ झाल्यात. मार्करने लिहिलेली नावं उडून गेलीत, पेन्सिलीची मात्र जशीच्या तशी आहेत. ज्यांवर काहीच वाचता येत नाही अशा कुंड्या एका बाकावर हलवल्या. त्यांना नावं द्यायची, हे या हंगामाचं काम. जिथे नाव ठरणार नाही तिथे ‘अनिश्चित’ लिहायचं हे आधीच ठरवून टाकलंय. चुकीच्या पट्टीपेक्षा कोरी परवडली, ती निदान कुणाला फसवत नाही.

पहिली वाटणी झटपट होते. पानाचं पातं, पुढे तणाव (पानातून निघालेला दोरा) आणि तणावाच्या टोकाला लोंबता घट असेल तर नेपेंथिस. जमिनीलगतच्या कंदातून अख्खं पानच नळी होऊन वर आलं असेल तर सारासेनिया. नळीचा माथा फुगून पुढे वळलेला आणि तोंडाशी दोन फाट्यांची जीभ लोंबत असेल तर डार्लिंगटोनिया. ही कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमधली, या वंशात जात एकच. हेलिअँफोराला धड झाकण नसतं, माथ्यावर मध पाझरणारा एक लहानसा तुकडा असतो. ती व्हेनेझुएला-गयानाकडच्या सपाट माथ्याच्या डोंगरांवरची. सेफॅलोटस बुटका, घटावर केसाळ कंगोरे, काठावर दात, झाकणावर पांढुरक्या खिडक्या, आणि त्याच झाडाला साधी चपटी पानंही. ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्याबाहेर तो कुठेच रानात सापडत नाही.

नेपेंथिस, सारासेनिया आणि सेफॅलोटस यांचं आपसात जवळचं नातं नाही. नेपेंथिस दवबिंदू या दुसऱ्या कीटकभक्षी झाडाच्या जवळची, सारासेनिया एरिकेलीस गणातली, सेफॅलोटस आंबुशीच्या गणातला. घट तिन्हीकडे स्वतंत्रपणे घडला. नुसत्या घटाच्या आकारावर किती विसंबायचं, ते इथेच कळतं.

११ मार्च

प्रत्येक झाडासाठी नोंदपत्रक तयार केलं. फोटो कसे काढायचे तेही ठरवलं: घट बाजूने, समोरून, तोंड वरून, झाकणाची खालची बाजू, पान खोडाला जिथे चिकटतं ती जागा, आणि फूल आलं तर खालून. शेजारी मोजपट्टी. झाकणाखालचा फोटो कुणीच काढत नाही, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त लागतो.

रंगाचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवला. घटाचा लालपणा अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो आणि तो ऊन, थंडी, घटाचं वय यांवर हलतो. सावलीतलं झाड हिरवं पडतं, तेच उन्हात आणलं की पुढचे घट तांबडे निघतात. तेव्हा ‘लाल आहे’ एवढी नोंद निरुपयोगी. ‘पूर्ण उन्हात, उघडून महिना झालेला घट, लाल’ असं लिहिलं तर काहीतरी अर्थ. अपवाद अँथोसायनिन मुळातच नसलेल्या झाडांचा. सारासेनिया परप्युरियाचा हेटेरोफिला नावाचा प्रकार तसा: घट पिवळट हिरवे, फूलही पिवळं, कितीही ऊन द्या, लाल शीर दिसायची नाही. बाकावर तसं एक झाड आहे असं वाटतंय. पण ते भिंतीच्या सावलीत वाढलेलं. उन्हात हलवलं, नवे घट येईपर्यंत नाव नाही.

लहान रोपं बाजूला काढली. रोपवयात सारासेनियाचे घट जवळपास सगळ्या जातींत सारखेच दिसतात, त्यांच्यावर आत्ता वेळ घालवण्यात अर्थ नाही.

२९ मार्च

सारासेनियाची फुलं उमलायला लागली. नव्या घटांची तोंडं अजून बंद, त्यामुळे बाकावर नुसते दांडे आणि लोंबती फुलं. ओळख पटवायला मला वर्षातला हाच काळ आवडतो, कारण घट मध्ये मध्ये करत नाहीत.

एक फूल हातात धरून नीट पाहिलं. दांडा टोकाशी वाकलेला, फूल खाली तोंड करून. आत कुक्षिवृंत (कुक्षीचा दांडा) पसरून उलटी छत्री झालेला, तिला पाच टोकं, आणि प्रत्येक टोकाच्या आतल्या बाजूला कुक्षीचा, म्हणजे पराग टिपणाऱ्या भागाचा, बारीकसा ठिपका. पाकळ्या या टोकांच्या मधल्या खाचांतून बाहेर लोंबतात. पराग गळून छत्रीत साठतात. आत शिरणारी मधमाशी टोकाजवळून, म्हणजे कुक्षीला घासून जाते. बाहेर पडताना पाकळी ढकलून निघते, त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याच कुक्षीला सहसा लागत नाहीत.

पाकळ्यांच्या रंगावरून बाकाचे दोन भाग केले. पिवळ्या किंवा फिकट पिवळसर पाकळ्यांच्या जाती: फ्लाव्हा, ओरिओफिला, मायनर, अलाटा. लाल: ल्युकोफिला, परप्युरिया, सिटासिना, रुब्रा. मधलेच रंग, म्हणजे नारिंगी झाक किंवा मळकट गुलाबी, दिसले की संकराचा संशय घ्यायचा. फ्लाव्हाला रंगही बघायची गरज पडत नाही. फुलाजवळ गेलं की मांजराच्या मुताचा वास. रुब्राचं फूल लहान आणि वास गोड. नोंदपत्रकात वासाचा रकाना नव्हता, तो वाढवला.

मागच्या ओळीतल्या एका ल्युकोफिलाच्या फुलाला छत्रीच नाही. पुंकेसर नाहीत, कुक्षी नाही, सगळ्या जागी पाकळ्यांसारखे लाल-हिरवे थर. ‘टारनॉक’ नावाचा वाण असाच असतो: अलाबामात सापडलेला, वांझ, कंद फोडून वाढवलेला. फुलावरून इतकी ठोस खूण मिळते असे वाण फार थोडे. तरी पट्टीवर तूर्त ‘ल्युकोफिला, दुहेरी फुलाचा’ एवढंच लिहिलं. जुन्या नोंदवहीत काही सापडतंय का ते बघू.

१८ एप्रिल

परप्युरिया. या जातीत गल्लत व्हायला वाव कमी, घट बुटके, पोटाशी फुगलेले, जमिनीवर रेलून वर वळलेले. झाकण उभं असतं, तोंडावर येत नाही, त्यामुळे पाऊस थेट आत. बाकीच्या उंच सारासेनिया पाणी आत येऊ नये म्हणून झाकण धरतात, ही पाणी साठवते.

उपजाती ओळखायला डोळ्यांपेक्षा बोट बरं. घटाच्या बाहेरून बोट फिरवलं आणि गुळगुळीत लागलं तर उपजात परप्युरिया, ही उत्तरेकडची, कॅनडापर्यंत जाणारी. लव लागली तर व्हेनोसा, दक्षिणेकडची. व्हेनोसाचे घट आखूड आणि तोंड रुंद. लव कोवळ्या घटांवर चटकन कळते, जुन्यांवर घासून जाते, म्हणून ही तपासणी एप्रिलातच उरकलेली बरी.

दोन कुंड्यांत पाकळ्या गुलाबी, फुलाचा दांडा आखूड, घटाचा काठ जाडजूड गोल. ही मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याकडची. आधी तिला व्हेनोसाचा बुर्काई प्रकार म्हणत. १९९९ साली रोझिया नावाची वेगळी जात म्हणून तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. सगळ्यांनी ते मानलेलं नाही. पट्टीवर दोन्ही नावं लिहिली. वाद वनस्पतिशास्त्रज्ञांचा आहे, आपण झाड हरवू नये म्हणजे झालं.

६ मे

सिटासिना आणि मायनर उरकल्या. सिटासिनाचे घट जमिनीवर चक्राकार आडवे, माथा फुगीर, आत जायचं भोक एवढंसं. मायनर उभी, पण झाकण तोंडावर इतकं झुकलेलं की वरून तोंड दिसत नाही. पाठीमागे पांढऱ्या खिडक्या. आतला किडा उजेडाकडे, म्हणजे खिडकीकडे झेपावतो आणि खाली पडतो. ओकेफेनोकी दलदलीतला मायनरचा प्रकार खूप उंच वाढतो, आपल्याकडचं एकही झाड त्या उंचीच्या जवळपास नाही.

२१ मे

नेपेंथिसचा बाक. इथे कामाची रीतच बदलते.

एकाच वेलीवर दोन पट्ट्या सापडल्या, दोन वेगवेगळ्या नावांच्या. एक खालच्या फांदीला, एक वरच्या. कुणीतरी दोन झाडं समजून लावलेल्या असणार, आणि तसं वाटणं साहजिक आहे. नेपेंथिसच्या एकाच झाडाला खालचे आणि वरचे असे दोन तऱ्हेचे घट येतात. खालचा घट फुगीर, पुढच्या बाजूला दोन झालरी पंख, तणाव पुढून येऊन त्याला मिळतो, म्हणजे घटाचं तोंड तणावाकडे. वेल चढायला लागली की घट नरसाळ्यासारखा निमुळता होतो, पंखांच्या जागी नुसत्या दोन रेघा उरतात, तणाव मागून जोडला जातो आणि वाटेत वेटोळं घालून आधार पकडतो. मधल्या उंचीवर दोन्हींच्या अधलेमधले घट. खालचा घट वरच्याशी ताडून बघितला तर काहीही सिद्ध करता येईल. त्यामुळे नोंदपत्रकात पहिला प्रश्न: घट खालचा की वरचा? उत्तर नसेल तर पुढचे रकाने भरायचे नाहीत.

मग बघायचं ते असं. झाकण जिथे घटाला मागे जोडलंय तिथे एक काटा असतो, तो साधा आहे की फाटे फुटलेला. झाकणाच्या खाली ग्रंथी कशा पसरल्यात, उंचवटा किंवा आकडा आहे का. पानाला देठ आहे की ते थेट खोडाला चिकटतं. भिंग लागतं, आणि झाकण उलटं करताना ते मोडू नये म्हणून संयमही.

काही जाती मात्र ओळख लपवतच नाहीत. बायकॅलकाराटाच्या झाकणाखाली दोन अणकुचीदार सुळे, जगात दुसऱ्या कुणाला नाहीत. अँप्युलारियाचे गोल घट जमिनीवर झुबक्याने येतात आणि झाकण मागे वळलेलं, तोंड आभाळाला मोकळं, कारण ती बरीचशी गुजराण वरून पडणाऱ्या पालापाचोळ्यावर करते. ट्रंकाटाचं पान टोकाला कापल्यासारखं सरळ. मॅक्सिमाच्या झाकणाखाली बुडाशी आकडा. नेपेंथिस राजाच्या मोठ्या पानात तणाव टोकातून न निघता टोकाच्या अलीकडून, पानाच्या खालून निघतो. आपल्याकडे राजा नाही, पण एका पट्टीवर तसं लिहिलं होतं. पान उलटून पाहिलं, तणाव सरळ टोकातून. पट्टी काढली.

नेपेंथिसमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी. फुलं आली की ते कळतं आणि त्याची नोंद करतो, पण जात ठरवायला सारासेनियासारखी फुलांची मदत होत नाही.

५ जून

नेपेंथिसमधल्या ‘अलाटा’ लिहिलेल्या कुंड्या. ही पट्टी वाचता येते, तरीही त्या या बाकावर आणल्या, कारण विक्रीत अलाटा म्हणून जे झाड सर्रास मिळतं ते बहुतेक वेळा व्हेंट्राटा असतं, म्हणजे व्हेंट्रिकोसा आणि अलाटाचा संकर. आडदांड झाड, निष्काळजीपणा खपवून घेतं, म्हणून सगळीकडे पसरलं.

व्हेंट्रिकोसाचा घट कमरेत स्पष्ट आवळलेला, पान देठाशिवाय थेट खोडाला. अलाटाचा घट खाली फुगीर आणि वर नळकांडं, पानाला देठ, झाकणाखाली बुडाशी ग्रंथींचा उंचवटा. आपल्या झाडांत कंबर आहे पण अर्धवट, देठ आहे पण धड नाही. सगळी व्हेंट्राटा.

आणखी एक गुंता. २०१३ साली अलाटाची फेरतपासणी झाली आणि ते नाव फिलिपाइन्समधल्या लुझॉन बेटावरच्या झाडांपुरतं आक्रसलं. पूर्वी अलाटा म्हणून गणलेली बरीच झाडं ग्रासिलिफ्लोराखाली गेली. मग या संकराचा दुसरा पालक नेमका कोण, हे कुंडीतल्या झाडाकडे बघून सांगता यायचं नाही. पट्टीवर ‘नेपेंथिस × व्हेंट्राटा’ (× म्हणजे संकर), पालकांची नावं नाहीत.

३ जुलै

सारासेनियाकडे परत. घट पूर्ण उघडलेत आणि आता खरी डोकेदुखी, संकर.

या वंशात सगळ्या जातींची गुणसूत्रं २६, सगळ्यांचा सगळ्यांशी संकर होतो आणि संततीही वांझ नसते. संकराचा पुन्हा पालकाशी संकर, त्याचा तिसऱ्याशी, असं पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतं. रानात हे होतं, हरितगृहात तर मधमाश्या मोकाट.

पहिल्या पिढीचा संकर वाचता येतो, कारण दोन्ही पालक निम्मे निम्मे दिसतात. परप्युरियाचं रक्त असलं की घट बुटका आणि तोंड रुंद होतं, झाकणाच्या कडा लहरतात. ल्युकोफिला वरच्या भागात पांढरे डाग देते. मायनर झाकण पुढे झुकवते. सिटासिना घट आडवा पाडते आणि माथा फुगवते. या हिशोबाने बाकावरची उंच, पिवळट, माथ्याला पांढुरकी झाक असलेली झाडं × मूरेई, म्हणजे फ्लाव्हा आणि ल्युकोफिला. अर्ध्या उंचीची, रुंद लालसर झाकणाची × कॅटेस्बी, म्हणजे फ्लाव्हा आणि परप्युरिया. एक लहरी झाकणाचं, पांढऱ्यावर लाल जाळी असलेलं झाड × मिचेलियाना: ल्युकोफिला आणि परप्युरिया. मार्चमधले फुलांचे फोटो काढून ताडले. मूरेईच्या पाकळ्या पिवळ्या-लालच्या मधल्या, ठीक जमतं.

बाकी कुंड्यांत तीन-तीन जातींच्या खुणा एकत्र दिसतात. माझं मत: अशा झाडाला ‘अमुक × तमुक’ असं पालकांचं सूत्र लिहू नये. ‘सारासेनिया संकर, ल्युकोफिलाचा अंश दिसतो’ इथे थांबावं. सोबत काम करणाऱ्याला हे अपुरं वाटतं, तो तासभर फोटो जुळवत बसला आणि आजोबा-पणजोबांसकट वंशावळ काढून आणली. वाचायला छान आहे. पट्टीवर गेली नाही.

२० जुलै

फ्लाव्हाचे प्रकार. इथे मात्र रंगालाच महत्त्व, कारण प्रकारच रंगावर पाडलेत. म्हणून सगळी झाडं महिनाभर सारख्या उन्हात ठेवून आजच पाहिली.

मॅक्सिमाचा घट निखळ हिरवा-पिवळा, कुठे लाल शीर नाही. रुगेलीच्या घशात एक मोठा जांभळा डाग, बाकी सगळं स्वच्छ. ऑर्नाटावर डागापासून फुटणारं शिरांचं दाट जाळं. क्युप्रियाच्या झाकणाचा वरचा भाग तांबूस, घट जुना झाला की हा रंग उतरतो. रुब्रिकॉर्पोराची नळी लाल आणि झाकण पिवळट हिरवं, अ‍ॅट्रोपरप्युरियाचं झाकणही लाल. जातीच्याच नावाचा फ्लाव्हा प्रकार यांच्या मध्ये कुठेतरी: थोड्या शिरा, घशात जांभळी रेघ.

कागदावर सात, बाकावर सलग उतरंड. ऑर्नाटा कुठे संपते आणि फ्लाव्हा कुठे सुरू होते याची रेघ दाखवा म्हणाल तर दाखवता यायची नाही. मधल्या झाडांना जात फ्लाव्हा एवढंच लिहिलं.

२५ ऑगस्ट

फ्लाव्हा की ओरिओफिला हे ठरेना म्हणून ज्या दोन कुंड्यांसाठी थांबलो होतो त्यांचा आज निकाल. दोन्हीची फुलं पिवळी, घट फ्लाव्हासारखे उंच हिरवे, वरवर काही फरक नाही. उन्हाळा सरताना एकीने घट टाकायला सुरुवात केली आणि कंदाभोवती बिनघटाची चपटी पानं आली. फ्लाव्हालाही अशी पानं येतात, पण ती सरळ उभी असतात. या कुंडीतली आखूड, विळ्यागत बाहेर वळलेली, जमिनीवर पसरलेली. ओरिओफिला. झाकणाची मान ताडली, फ्लाव्हात ती आवळून मागे वळलेली, इथे रुंद. शंका उरली नाही. दुसऱ्या कुंडीत पानं सरळ, ती फ्लाव्हा मॅक्सिमा.

हा फरक नुसत्या हौसेचा नाही. ओरिओफिला अमेरिकेत १९७९ पासून संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे आणि धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात. रुब्राच्या अलाबामेन्सिस आणि जोन्सी या उपजातीही तिथेच, तसंच नेपेंथिसमध्ये राजा आणि मेघालयातली खासियाना. बाकीच्या सारासेनिया आणि नेपेंथिस दुसऱ्या परिशिष्टात. झाड देवाणघेवाणीत सीमेपलीकडे जाणार असेल तर पट्टीवरच्या एका शब्दाने कागदपत्रं बदलतात. ओरिओफिलाची कुंडी वेगळ्या कप्प्यात, नोंदवहीत लाल खूण.

१६ सप्टेंबर

ल्युकोफिलाचे शरदातले घट आले. वसंतातले घट तिचे किरकोळ असतात. त्यांच्यावरून तिची परीक्षा करणं अन्याय. आत्ताचा घट हातभर उंच, माथा पांढराशुभ्र, त्यावर शिरांची जाळी. जुलैत संकरात टाकलेली एक कुंडी पुन्हा बघायला घेतली: लाल फूल, लहरी कडांचं झाकण (तसं ल्युकोफिलाचंही असतं), पांढऱ्यात दुसऱ्या कुणाची खूण नाही. शुद्ध ल्युकोफिला धरायला हरकत नाही.

अलाटा आणि रुब्रा यांत रुब्रा सडपातळ, झाकण लहान, शिवाय फुलाचा वास नोंदलेला होताच. (सारासेनियातही अलाटा आहे, नेपेंथिसमध्येही, कुंडीवर वंशाचं नाव आधी आणि पूर्ण लिहायचा नियम केला.) भिंतीजवळच्या त्या पिवळट परप्युरियाचे उन्हातले घटही निरखले. लाल शिरांनी भरलेत. हेटेरोफिला नव्हे.

७ ऑक्टोबर

आता वाणांचा प्रश्न. नोंदणीकृत वाणाचं नाव दिसण्यावरून लावता येत नाही. कीटकभक्षी वनस्पतींच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंदणी इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लांट सोसायटीकडे आहे. तिथे वर्णन आणि प्रमाण म्हणून फोटो असतो. पण या झाडांचे वाण बहुतेक एकाच मूळ झाडापासून वाढवलेले. आपल्या झाडाचा माग त्या झाडापर्यंत पोचत नसेल तर हुबेहूब दिसूनही ते त्या नावाचं ठरत नाही. वाणाच्या बियांपासून आलेलं रोपही नाही.

बाकावरच्या सेफॅलोटसचे घट उन्हात जवळजवळ काळे पडलेत आणि ‘हा ईडन ब्लॅक वाणच’ असं प्रत्येक जण म्हणतो. भर उन्हात ठेवलेला कुठलाही सेफॅलोटस गडद होतो. पट्टी: ‘सेफॅलोटस फॉलिक्युलारिस, गडद’.

जुनी नोंदवही मिळाली, पाण्याने फुगलेली. त्यात कंद फोडून आणलेल्या झाडांची पानं शाबूत आहेत. दुहेरी फुलाच्या ल्युकोफिलाची नोंद सापडली, जागेसकट. ‘टारनॉक’ नाव लावलं.

१९ ऑक्टोबर

नव्या पट्ट्या लिहून झाल्या. सगळ्या पेन्सिलीने, कुंडीत मातीखाली दुसरी प्रत. नावाच्या शेजारी एक अक्षर: ‘न’ म्हणजे नोंदवहीवरून, ‘ख’ म्हणजे खुणांवरून, ‘अ’ म्हणजे अनिश्चित. ‘अ’ बरेच आहेत. त्यांना पुढच्या मार्चमध्ये फुलं येतील तेव्हा बघू.

परप्युरियाच्या कुंड्यांत शेवाळावर आपोआप रोपं उगवलीत, शेंगा फुटून बी पडलेलं. ती तशीच राहिली तर चार-पाच वर्षांत मूळ झाडाला झाकतील आणि पट्टी भलत्याच झाडाची होईल. चिमट्याने सगळी उपटून वेगळ्या ट्रेमध्ये लावली. ट्रेवर लिहिलं: ‘आई परप्युरिया, बाप कोण ते माहीत नाही’. पुढच्या हंगामात बी धरू द्यायचं नसेल तिथे पाकळ्या गळल्या की दांडे कापायचे.